पायांची परीक्षा

"हलू नका," ती म्हणाली आणि मास्तरांचा पाय तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला.

चपलेचा तळ भेदून स्क्रू आत गेला होता. चांगला लांब, गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला लावतात तसला. चपलेसकट तो मास्तरांच्या तळव्यात रुतून बसला होता आणि तीच चप्पल फटाफटा वाजवत मास्तर सकाळपासून अंगणात, ओट्यावर, स्वयंपाकघरात हिंडत होते. पाणी प्यायला आत आले तेव्हा फरशीवर लाल ठिपक्यांची रांग उमटत गेली. तिला आधी वाटलं, गाडीचा रंग सांडला. मग लक्षात आलं, गाडीला लाल रंग कुठे लावायचाय?

तिने पकडीत स्क्रूचं डोकं धरलं आणि ओढलं. तो निघताना शहारा तिच्याच अंगावर आला. मास्तर खिडकीतून बाहेर गाडीकडे बघत होते.

"दुखलं?"

"छे! एवढ्याशा स्क्रूने काय होतंय."

"कधी घुसला?"

"आत्ताच असेल. तू लगेच पंचनामा करू नकोस."

तळव्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. चपलेच्या आतलं तर चिकट झालं होतं. आत्ताच म्हणे. दाढी करताना जरा कापलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. पावाच्या सुरीने बोटाला ओरखडा आला तर त्याला आठवडाभर चहासुद्धा हातात लागायचा. तो आज स्क्रूवर चालत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. दुखणं सहन करणारे पुरुष वेगळे. मास्तर त्यातले नव्हते. त्यांना लागलंच नव्हतं, आणि त्याचीच तिला धडकी भरली.

तिने पट्टी बांधली. बांधताना मुद्दाम अंगठ्याच्या कडेला नख रोवलं. जोरात.

मास्तर म्हणाले, "हॉर्नचा आवाज ऐकलास का काल? अगदी तसाच. पूर्वीसारखा."

---

बाहेर अंगणात म्हैस उभी होती. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, गाडीच्या तारुण्यात. काळी, रुंद पाठीची, गोल डोळ्यांची आणि मनाला येईल तिथे बसकण मारणारी. या म्हशीवर अर्धं शहर गाडी चालवायला शिकलं. डॉक्टर शिकले, वकील शिकले, चोरही शिकले असतील. मास्तर सगळ्यांवर सारखेच ओरडायचे. पुढे शिकणाऱ्यांना थंडगार हवेच्या नव्या गाड्या हव्याशा झाल्या आणि क्लास बंद पडला. म्हैस एका फोटो स्टुडिओवाल्याने नेली. त्याने तिला गुलाबी रंग फासला, चाकं काढून खाली विटा रचल्या आणि स्टुडिओमागच्या बागेत उभी केली. नवी जोडपी तिच्या बॉनेटला टेकून एकमेकांच्या डोळ्यांत बघायची आणि स्टुडिओवाला फोटो काढायचा. मास्तर त्या रस्त्याने जाणं टाळत. एकदा नाइलाजाने जावं लागलं, तर घरी येऊन जेवले नाहीत.

स्टुडिओवाला गाशा गुंडाळतोय असं कानावर आलं त्याच दिवशी मास्तर गेले, चाकं परत बसवली आणि दोर बांधून म्हैस घरी ओढून आणली. कोणाला विचारलं नाही. घरात विचारण्यासारखं होतंच कोण? एक ती होती, बायको.

तेव्हापासून अंगणाचा कारखाना झाला. गुलाबी रंग खरवडला की खाली पांढरट थर लागायचा, त्याखाली गंज, आणि कुठे कुठे, दाराच्या सांध्यात, टपाच्या पन्हळीत, जुना काळा रंग. असा काळा तुकडा सापडला की मास्तर तिला हाक मारायचे, "अगं, ये, बघ!" तीही ओले हात पुसत जायची. बघायची. खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटायचं. क्लास बंद पडल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून वर्तमानपत्राच्या कडेला उगाच रेघोट्या ओढत होता. आता तो शिट्टी वाजवत उठायचा. गुडघ्यांवर बसून पत्रा घासायचा, पुट्टी भरायचा, पुन्हा घासायचा. वायरी तोंडात धरून गाडीखाली सरपटायचा. म्हशीच्या अंगावर रंग चढत गेला तसा मास्तरांच्या चेहऱ्यावरही चढत गेला.

म्हणून ती गप्प बसली. आणि आता गप्प बसून चालणार नव्हतं. रविवारी मुलगी येणार होती, नातीला घेऊन. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहत नसे. फोनवर भिंगरीने आजोबांकडून वचन घेतलं होतं. स्टेशनवर न्यायला म्हैस आली पाहिजे. ती पुढे बसणार. आजोबांच्या शेजारी.

"गुलाबी ठेवा ना पण!" ती ओरडली होती.

"गुलाबी म्हैस पाहिलीयस कधी?" मास्तर म्हणाले आणि स्वतःच इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

---

गाडीचं काम बघायला ठोक्या फिटर यायचा. कोणताही बिघाड असो, आधी हातोडीने एक ठोका द्यायचा आणि मग विचार करायचा, म्हणून ठोक्या. त्याला गाडी चालवायला मास्तरांनीच शिकवलं होतं, याच म्हशीवर, कान पिळून.

पट्टी बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी तो चाकाजवळ उकिडवा बसून डोकं खाजवत होता.

"वहिनी, मला एक कळत नाही. ब्रेक शू नवे. सिलिंडर नवा. तेल नवं. नळीतली हवा काढून झाली. ब्रेक लोण्यासारखा लागतोय. तरी मास्तर म्हणतात, लागत नाही."

"तुला लागला?"

"मला लागतो! मी काल अंगणात दहा वेळा लावला. मास्तर बसले की लागत नाही. भानामती म्हणायची का काय?"

तिला माहीत होतं. गेल्या आठवड्यात मास्तरांनी गाडी अंगणातल्या अंगणात मागेपुढे केली होती. थांबायच्या जागी म्हैस थांबली नाही, उलट गुरगुरून पुढे गेली आणि पाण्याचं पिंप आडवं केलं. मास्तर लालबुंद होऊन उतरले. ब्रेकला शिव्या दिल्या, ठोक्याला दिल्या, पिंप तिथे ठेवणारीलाही दिल्या. ओट्यावरून तिने पाहिलं होतं, उतरण्याआधी ते मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत बसले होते. हरवलेली वस्तू शोधावी तसे. बराच वेळ.

"ठोक्या, पूर्वी शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक होता बघ."

"होता की. तो दाबून दाबून तर मास्तरांनी आम्हाला जिवंत ठेवलं. विकताना कापून भंगारात घातला."

"परत बसवता येईल?"

ठोक्याने मान वर केली. "कोणाला शिकवायचंय आता?"

"बसवता येईल का ते सांग."

"येईल. पण सगळं परत उघडावं लागेल. रविवारच्या आत तर नावच नको. आणि मास्तरांनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही हां. माझा हा कान अजून थंडीत ठणकतो." मग तो हळू आवाजात म्हणाला, "काय झालंय, वहिनी?"

घराच्या आतून शिट्टीचा आवाज आला. मास्तर हात धुऊन बाहेर येत होते.

"काही नाही," ती म्हणाली.

सवय असते. "काही नाही" हे दोन शब्द तिच्या जिभेवर इतकी वर्षं बसले होते की हाकलले तरी उठत नव्हते.

---

मुलीला फोन केला तेव्हा मुलगी बॅगा भरत होती. चेन ओढल्याचा आवाज येत होता.

"अगं, तुम्ही टॅक्सीने या. बाबांना नको बोलावूस."

"का? भिंगरीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"त्यांच्या पायांना... कळत नाही."

"म्हणजे?"

"स्क्रू घुसला, कळला नाही. नख रोवलं, कळलं नाही."

मुलगी म्हणाली, "रक्तात साखर असली की पाय थोडे बधिर होतात आई. डॉक्टरांकडे गेले होते ना ते? काय म्हणाले?"

"मला कुठे आत घेतलं? म्हणाले, तू बाहेर बस. बाहेर येऊन सांगितलं, चालत राहा म्हणाले."

"मग झालं तर. आई, ऐक. किती दिवसांनी ते एवढे खूश आहेत. तू ना, दरवेळी विरजण घालतेस. लहानपणी आम्ही सहलीला निघालो की तुला आधी उलटीची पिशवी आठवायची."

"आणि लागायचीच ना ती पिशवी?"

"आई!"

फोन ठेवून ती उभी राहिली. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, बापावर गेलेली. बापावर गेलेल्या मुलींना आईचं म्हणणं नेहमी पिशवीएवढंच दिसतं. त्या पिशवीत काय आहे ते बघायला कोणी वाकत नाही.

तिने जेवताना मास्तरांकडे विषय काढून पाहिला. ठोक्याला बसू दे ना तुमच्या जागी, एवढंच म्हणाली. मास्तरांनी घास खाली ठेवला.

"ज्याला मी शिकवलं त्याने मला फिरवायचं? नातीसमोर?"

ती ताटं उचलून मोरीत गेली.

---

रविवारी म्हैस चकाकत होती. काळ्या पत्र्यात आभाळ दिसत होतं, ओट्याचे खांब दिसत होते. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कधी नव्हे ते बूट. बुटांच्या नाड्या बांधताना ते बोटांनी बूट दाबून दाबून पाहत होते, पाय आत शेवटपर्यंत गेलाय की नाही. ती दारातून बघत होती.

"आगगाडी यायला वेळ आहे," मास्तर म्हणाले. "आधी एक चक्कर मारून आणतो. पेट्रोल खेळतं राहील."

"मी येते."

"तू कशाला?"

तिने मागचं डावं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. आपल्या जागी.

ही जागा तिची होती. बायकांचा वर्ग सकाळी असायचा. शिकायला येणाऱ्या मुलींच्या घरचे विचारायचे, मास्तर एकटेच का गाडीत? म्हणून मास्तर तिला मागे बसवायचे. बाईमाणूस सोबत आहे, झालं समाधान. वर्षानुवर्षं ती मागे डाव्या कोपऱ्यात बसली, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. पगार नाही, मान नाही, आणि रस्त्याने लोक तिला मास्तरीणबाई म्हणायचे. तिने जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, तिने म्हटलं होतं, मलाही शिकवा की. मास्तर आरसा पुसत होते. "तुला कुठे जायचंय?" ते म्हणाले. चिडून नाही, खरोखरच कुतूहलाने. खरंच, कुठे जायचं होतं?

मागून तिला रस्ता दिसायचा नाही. दिसायचे ते दोन खुर्च्यांच्या फटीतून पाय. शिकणारणींचे पाय. थरथरणारे, घाबरून दोन्ही एकदम दाबणारे, चप्पल अडकून बसलेले, पैंजणातले, भेगाळलेले, नवे कोरे बूट घातलेले. चेहरे ती विसरली होती. पाय आठवत होते.

मास्तर चालकाच्या जागी बसले. किल्ली लावली आणि फिरवायला हात पुढे नेला.

"आधी परीक्षा," ती म्हणाली.

"कसली?"

"पायांची."

मास्तर मागे वळले आणि खो खो हसले. "माझी? परीक्षा? तू घेणार?"

ही परीक्षा त्यांचीच. कोणालाही रस्त्यावर काढायच्या आधी मास्तर गाडी उभी ठेवायचे, इंजिन बंद, आणि शिकणाऱ्याला डोळे मिटायला लावायचे. मग एकेक हुकूम. क्लच म्हटलं की क्लच, ब्रेक म्हटलं की ब्रेक. खाली बघायचं नाही, चाचपायचं नाही. ज्याच्या पायाला डोळ्यांशिवाय जागा सापडत नाही तो रस्त्यावर माणूस मारणार, असं ते सरळ तोंडावर सांगायचे. नगरशेठचा मुलगा असो नाहीतर पोलीस, परीक्षा चुकली की गाडी गेटाबाहेर जायची नाही. या एका बाबतीत मास्तरांनी आयुष्यात कोणाला सूट दिली नव्हती.

"द्या की," ती म्हणाली. "तुम्हाला काय अवघड आहे?"

"वेळ घालवतेस उगाच." पण ते हसतच समोर वळले, पाठ ताठ केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटले. "हं. बोला, मास्तरीणबाई."

तिने फटीतून खाली पाहिलं.

"क्लच."

डावा पाय गेला. जरा उशिरा, पण गेला.

"सोडा. ब्रेक."

उजवा बूट उचलला गेला, हवेत थोडा घुटमळला आणि खाली आला. अर्धा ॲक्सिलरेटरवर, अर्धा मधल्या फटीत. मास्तरांनी जोर लावला. ॲक्सिलरेटर तळापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"झालं," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "पुढे?"

तिला ओरडावंसं वाटलं. डोळ्यांसमोर पुढच्या सीटवर भिंगरी आली, पाय हलवत बसलेली. स्टेशनसमोरची गर्दी आली, हमाल, पोरं, फळांच्या गाड्या.

"पुन्हा," ती म्हणाली. "ब्रेक."

बूट उचलला, पुन्हा तिथेच आला. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र काही हललं नाही. अंधारात आपल्याच घरात शिरलेल्या माणसासारखे ते निर्धास्त होते. घर शेजाऱ्याचं होतं.

"ब्रेक," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले. खाली पाहिलं नाही. आरशात तिच्याकडे पाहिलं.

"बरोबर?"

तिच्या जिभेवर तेच दोन शब्द येऊन उभे राहिले. तिने ते गिळले.

"चुकलं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा."

---

मास्तर एकदम गाडीतून उतरले. दार आपटलं. नव्या रंगाचं दार, चार महिने जपलेलं.

"तुला काय दिसतं तिथून? मागे बसून भाजी निवडणारी तू! मला चुकलं म्हणतेस? मला? अगं, स्टिअरिंगला हात तरी लावलायस कधी?"

ती आपल्या बाजूने उतरली.

"लावू दिलाय?"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून बघत होती. मास्तरांना ते दिसलं आणि ते आणखी पेटले.

"बस," ते म्हणाले. चालकाचं दार त्यांनी सताड उघडलं. "बस ना! परीक्षा घेतेस ना? आता दे. डोळे मीट."

ती बसली. स्टिअरिंग इतकं मोठं असेल असं मागून कधी वाटलं नव्हतं. तिने चपला काढून ठेवल्या. मास्तर उघड्या दारात उभे होते, एक हात टपावर, श्वास फुललेला. तिने डोळे मिटले. भीती वाटत होती, पण आता ती तिची स्वतःची होती, इतके दिवस मास्तरांसाठी वाटत होती तसली नव्हती.

"क्लच!"

तिचा पाय गेला.

"ब्रेक! ॲक्सिलरेटर! ब्रेक! क्लच, ब्रेक एकदम! सोड! ॲक्सिलरेटर, हळू, हळू म्हटलं ना! ब्रेक!"

ते भराभर ओरडत गेले आणि तिचे पाय भराभर जात राहिले. तिला स्वतःलाच कळेना, हे कोण करतंय. मग कळलं. मास्तर पुढे "ब्रेक" म्हणायचे तेव्हा मागे, भाजीच्या टोपलीखाली, तिचाही उजवा पाय गाडीचा तळ दाबायचा. प्रत्येक वेळी. प्रत्येक मुलीबरोबर. खाली पेडल नसतानाही तिच्या पायांना जागा ठाऊक होती. आज तिथे लोखंड होतं एवढाच फरक.

हुकूम मंदावले. चढा आवाज खाली आला. आता तो शिकवणाऱ्याचा आवाज होता, जुना, कडक, पण कामातला.

"क्लच."

"पुरत नाही," ती डोळे मिटूनच म्हणाली. "शेवटपर्यंत जात नाही पाय."

मग कपड्यांची सळसळ झाली. मास्तर गुडघ्यावर बसले होते आणि सीटखाली हात घालून खटका शोधत होते. खटका ओढला गेला, सीट करकरत पुढे सरकली.

"आता?"

तिने दाबला. "पुरला."

मास्तर उठले नाहीत. तिने डोळे उघडले. त्यांचं डोकं तिच्या गुडघ्याजवळ होतं. डोक्याच्या मधल्या टकलावर काळ्या रंगाचा एक ठिपका वाळून बसला होता.

"घोट्याखाली काहीच कळत नाही गं," ते म्हणाले. सांगत होते ते गाडीच्या पत्र्याला.

"कधीपासून?"

"म्हैस आणली त्याच्या आधीपासून."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाडी बंद म्हणाले."

तिच्या मनात इतक्या शिव्या एकदम आल्या की त्यातली एकही बाहेर पडेना. पोरीच्या पोरीला पुढे बसवणार होता हा माणूस. पिंपाचा दोष तिच्यावर ढकलला होता. बिचाऱ्या ठोक्याने चांगला ब्रेक पुन्हा पुन्हा उघडला होता.

"मग आणलीत कशाला?"

मास्तरांनी सीटच्या कडेवरून बोट फिरवलं. शिवण नवी होती.

"म्हटलं, हिच्यात बसलो की येईल परत. पाय. नव्या गाडीत नसता आला, पण हिला माहिती आहेत माझे पाय. वाटलं, ती शोधून देईल."

शिव्या तिथेच राहिल्या. तिने हात पुढे केला आणि त्यांच्या टकलावरचा रंगाचा ठिपका नखाने खरवडला. निघाला नाही.

---

फोन वाजला तेव्हा दोघंही दचकले. मास्तरांच्या खिशात होता. त्यांनी उठायला तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि फोन कानाला लावला.

"उतरलात? हो... हो. ऐक, टॅक्सी करून या." पलीकडून मुलीचा आवाज आणि त्याच्यावरून भिंगरीचा आवाज येत होता, दोन्ही चढे. मास्तर ऐकत उभे राहिले. एरवी इतका वेळ त्यांनी कोणाचं ऐकलं नव्हतं.

"नाही गं, ब्रेकबिक काही नाही. गाडी तयार आहे," ते म्हणाले. "ड्रायव्हर तयार व्हायचीय." मग फोन कानापासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "हो. व्हायचीय म्हटलं. तुझीच आई. ये, आल्यावर ओरड."

त्यांनी फोन ठेवला. शेजारच्या गच्चीवरची बाई अजून एकच चादर झटकत होती.

"लायसन काढावं लागेल," मास्तर म्हणाले. "आधी शिकाऊ. तोपर्यंत अंगणातच. गेटाबाहेर नाही. आणि मी ओरडणार, आधीच सांगतो."

"ओरडा की. ऐकून ऐकून पाठ आहे मला."

ते जरा हसल्यासारखे झाले. मग दार लावून, गाडीला वळसा घालून पुढे निघाले, पाय उचलून उचलून टाकत, बॉनेटला हात लावून. मध्येच थांबले.

"इतकी वर्षं मागे बसलीस. काय दिसायचं गं तुला तिथून?"

असा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. तिने खरं ते सांगितलं.

"रस्ता नाही. तुमच्या डोक्याआड असायचा."

मास्तर काचेसमोर, बॉनेटच्या अगदी मधोमध उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागे वळून गेटाकडे. लंगडत एका बाजूला झाले, भिंतीला लागून उभे राहिले. गेटाच्या जाळीतून समोरचा रस्ता सरळ लांबवर दिसत होता. त्यावर एक सायकलवाला, आणि पुढे काही नाही.

ती बघत बसली. पाय तिन्ही पेडलांवरून फिरत होते, आपोआप. मग तिचा उजवा हात किल्लीकडे गेला आणि रिकामा परत आला. किल्ली तिथे नव्हती. उतरताना, एवढ्या रागातही, मास्तरांनी ती काढून आपल्या खिशात टाकली होती.

तिने खिडकीतून हात बाहेर काढला, लांब, सरळ, वळायची खूण करतात तसा.

मास्तरांनी सवयीने मागे वळून पाहिलं, मागून कोणी येत नाहीये ना म्हणून. भिंत होती. मग त्यांना तिचा तळवा दिसला. वर वळलेला. त्यांचा हात खिशाशी गेला आणि आत काहीतरी खुळखुळलं.

"अंगणातच हां," ते म्हणाले.

तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हातही आत घेतला नाही.